नोकरीतील बढती आणि आपले रोजचे वर्तन

बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, म्हणजे १९४३ साली, केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा आदेश निघाला. पुढे १९७० साली हे प्रमाण १५ टक्के झाले. परंतु १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्यांनी कागदोपत्री स्वतःचा धर्म बौद्ध असा नोंदविला त्यांना केंद्राच्या या सवलतीला मुकावे लागत होते. १९९० साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली आणि त्यानंतरच आपली मुले-मुली बौद्ध म्हणून उजळ माथ्याने राष्ट्रीयीकृत बँकांत, विमा कंपन्यांत आणि केंद्राच्या कार्यालयांत शिरू लागली. हा इतिहास आपल्या वस्तीतील विद्यार्थ्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतो. फॉर्म कधी निघतो, वयाची अट किती, जातवैधतेला काय कागद लागतात, हे तर पाठच असते.

मात्र नोकरी लागल्यानंतर पुढे काय, याविषयी आपल्यात फारसे बोलले जात नाही. नोकरी लागली, विहारात पेढे वाटले, सत्कार झाला की विषय संपला असे आपण धरून चालतो. लिपिक म्हणून लागलेला मनुष्य लिपिक म्हणूनच निवृत्त झाला तर त्याबद्दल कोणाला काही वाटत नाही, त्याच्या घरच्यांनासुद्धा नाही. आम्ही स्वतः बँकेत दोन दशकांची नोकरी लिपिक म्हणूनच केली आहे. अधिकारीपदाच्या मुलाखतीत आम्ही दोन वेळा मागे पडलो आहोत. तेव्हा हा लेख यशस्वी माणसाचे मार्गदर्शन म्हणून वाचू नये. ज्याची गाडी चुकली त्याने गाडी का चुकली ते सांगावे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

प्रथम नियम थोडक्यात पाहू. सरकारी बँकेत लिपिकाला अधिकारी होण्यासाठी साधारणपणे ठराविक वर्षांची सेवा, लेखी परीक्षा आणि मुलाखत या पायऱ्या असतात. शाखाधिकाऱ्याच्या अहवालालाही वजन असते. कोणत्या पायरीला किती गुण हे बँकेबँकेत वेगळे आहे. आमच्या अनेक बांधवांचा समज असा की, १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने बढतीतील आरक्षणाला संरक्षण दिले आहे, तेव्हा आपली जागा आपल्याला मिळणारच. हा समज अर्धाच खरा आहे. जागा राखीव असते, माणूस राखीव नसतो. त्या जागेसाठी उभे राहणारेही आपलेच असतात आणि त्यांच्यातही क्रम लागतोच. किमान गुण मिळवावे लागतातच, त्यात सवलत असली तरी.

आता आमची पहिली मुलाखत कशी झाली ते सांगतो. लेखी परीक्षेत आम्ही चांगल्या गुणांनी पास झालो होतो. कला शाखेचे पदवीधर असलो तरी पुस्तक वाचून पाठ करण्याची सवय होती. कर्जाचा हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकले की खाते अनुत्पादक होते, हे आम्ही झोपेतही सांगितले असते. समोरच्या तीन साहेबांपैकी एकाने विचारले, ‘तुम्ही शाखेत काय काम करता?’ आम्ही सांगितले, पासबुक, चेकबुक आणि आवक-जावक. ‘किती वर्षे?’ आम्ही म्हणालो, नऊ. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिले आणि पुढचा प्रश्न विचारला, ‘एखाद्या व्यापाऱ्याचे कॅश क्रेडिट खाते आहे, त्याने स्टॉक स्टेटमेंट आणून दिले, तर त्याची ड्रॉइंग पॉवर कशी काढाल?’ व्याख्या आम्हाला येत होती. ती आम्ही म्हणून दाखविली. साहेबांनी कोरा कागद पुढे सरकविला आणि म्हणाले, ‘काढून दाखवा.’ आमचा हात चालेना.

विद्यार्थ्यांसाठी तो हिशेब येथे देतो, कारण तो इतका सोपा आहे की आजही आम्हाला त्याची लाज वाटते. समजा व्यापाऱ्याकडे १० लाखांचा माल आहे आणि त्यातील २ लाखांच्या मालाचे पैसे त्याने अजून पुरवठादाराला दिलेले नाहीत. म्हणजे त्याचा स्वतःचा माल ८ लाखांचा. त्यावर बँकेने २५ टक्के मार्जिन ठेवले तर राहिले ६ लाख. त्याची गिऱ्हाइकांकडून येणे असलेली चालू उधारी ४ लाख आहे, तिच्यावर ५० टक्के मार्जिन धरले तर २ लाख. एकूण ड्रॉइंग पॉवर ८ लाख झाली. परंतु त्याची मंजूर मर्यादा ७ लाखच असेल तर त्याला ७ लाखांपर्यंतच उचल घेता येईल, कारण दोहोंपैकी जी रक्कम कमी तीच धरायची. पाचवी-सहावीचे गणित आहे हे! आमच्या टेबलापासून दहा पावलांवर कर्ज विभागात दर महिन्याला ते होत होते. नऊ वर्षांत आम्ही ती दहा पावले चाललो नाही.

का चाललो नाही, हे महत्त्वाचे आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी आम्हाला काही दिवस कर्ज विभागात बसविले होते. तेथे आमच्या हातून एका नोंदीत चूक झाली. चूक मोठी नव्हती, संध्याकाळच्या आत दुरुस्तही झाली. परंतु एक ज्येष्ठ सहकारी सर्वांदेखत म्हणाला, ‘कोट्यातून आले की असेच होणार.’ कोणी हसले, कोणी खाली पाहिले. आम्ही गप्प बसलो आणि दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितले की, आम्हाला आवक-जावकच द्या. साहेबांनी आनंदाने दिले. त्या खिडकीवर चूक होण्यासारखे काही नव्हते, म्हणून बोलणे ऐकावे लागत नव्हते. साडेपाचला आम्ही मोकळे होत होतो. विहारातील कामाला वेळ मिळत होता. आम्हाला वाटत होते की आपण स्वाभिमान राखला. प्रत्यक्षात त्या एका वाक्याने आमची नऊ वर्षे खाल्ली, आणि ती खाऊ देण्यात आमचाही हात होता.

गेल्या काही वर्षांत आम्ही वेगवेगळ्या कार्यालयांतील आपल्या बांधवांशी या विषयावर बोलत आलो आहोत. टपाल खाते असो, विमा असो, महापालिका असो, चित्र बरेचसे असेच दिसते. बढतीला अडसर ठरणारे वर्तन म्हटले की उशिरा येणे, गप्पा मारणे, दांड्या मारणे हेच डोळ्यांसमोर येते. त्याने नुकसान होते हे खरे, पण ते सर्वांना कळते आणि त्यावर बोलणारेही पुष्कळ आहेत. आमच्या मते आपल्या माणसाचे जास्त नुकसान त्याच्या एका चांगल्या दिसणाऱ्या सवयीने होते. कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, दिलेल्या टेबलावर खाली मान घालून काम करतो, अशी ती सवय. अशा माणसाला शाखेत कोणी वाईट म्हणत नाही. पण बढतीच्या वेळी त्याच्याविषयी सांगण्यासारखेही कोणाजवळ काही नसते. शाखाधिकाऱ्यालाही असा माणूस त्या टेबलावरून हलवायचा नसतो, कारण मग ते रटाळ काम करणार कोण?

भगवान बुद्धांनी सिगाल या गृहस्थपुत्राला केलेला उपदेश दीघनिकायात आहे. आपल्या विहारांतून त्याचे वाचन होते, पण सहसा आई-वडील आणि पती-पत्नी यांच्या भागापाशी आपण थांबतो. त्यात मालक आणि सेवक यांची परस्परांविषयीची कर्तव्येही आहेत. सेवकाने मालकाआधी उठावे, काम नीट करावे, दिलेले तेवढेच घ्यावे वगैरे. हे आपल्याला ऐकवणारे पुष्कळ भेटतात. परंतु त्या उपदेशात मालकाची कर्तव्ये आधी सांगितली आहेत आणि त्यांतले पहिलेच असे की, सेवकाला त्याच्या कुवतीप्रमाणे काम नेमून द्यावे. म्हणजे आपल्या कुवतीचे काम मागणे हा आगाऊपणा नाही, धम्माला धरूनच आहे.

ते मागायचे कसे? तोंडी मागू नये. तोंडी मागितले की साहेब ‘बघू’ म्हणतात आणि सहा महिन्यांनी त्यांची बदली होते. लेखी अर्ज करावा, पाच-सहा ओळींचा. मी अमुक वर्षे अमुक विभागात आहे, बँकेच्या कामाचा सर्वांगीण अनुभव मिळावा म्हणून मला कर्ज विभागात अथवा रोख विभागात काम देण्यात यावे, ही विनंती. त्यात तक्रारीचा सूर नको, जातीचा उल्लेख नको, कोणाशी तुलना नको. पोच घ्यावी आणि तारीख टाकून प्रत घरी ठेवावी. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. माणसे एकाच टेबलावर फार काळ राहू नयेत ही बँकेची स्वतःचीच गरज आहे, कारण अफरातफरी बहुधा अशा जुन्या टेबलांवरच दडून राहतात. संवेदनशील कामावरील कर्मचाऱ्याला वर्षातून सलग किमान १० कामाचे दिवस पूर्वसूचना न देता रजेवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ साली बँकांना कळविले त्यामागे हेच कारण आहे. तेव्हा टेबल बदलून मागणारा मनुष्य बँकेच्या सोयीचेच मागत असतो आणि त्याला लेखी नकार देणे साहेबाला जड जाते. आम्ही असा अर्ज केला, पुन्हा एकदा आठवण दिली, आणि सात महिन्यांनी आम्हाला कर्ज विभाग मिळाला. तेथेही चुका झाल्या. या वेळी आम्ही ती खुर्ची सोडली नाही.

दुसरी गोष्ट परिपत्रकांची. पूर्वी परिपत्रकांची फाइल साहेबांच्या कपाटात असे आणि कुलूप उघडावे लागे. आता ती संगणकावर सर्वांना खुली असतात, तरी वाचणारे फार थोडे. शाखेत जो मनुष्य रोज पंधरा मिनिटे परिपत्रके वाचतो त्याच्याकडे महिन्या-दोन महिन्यांत लोक विचारायला येऊ लागतात. वारस नोंदीचा नियम बदलला का, निवृत्तिवेतनधारकाचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये घरून कसा देता येईल, असे प्रश्न असतात. साहेबही मग नाव घेऊन हाक मारतात. हे नाव घेऊन हाक मारणे अहवालाच्या वेळी उपयोगी पडते. त्यासाठी साहेबांच्या घरी मिठाई न्यावी लागत नाही. मिठाई नेणारेही पुढे जातात, हे आम्ही पाहिले आहे, नाकारत नाही. पण आपल्या माणसाने त्या शर्यतीत उतरून कोणाचे भले झालेले आम्ही पाहिले नाही.

जे.ए.आय.आय.बी. ही परीक्षा चार विषयांची आहे. ती आणि त्यापुढची सी.ए.आय.आय.बी. पास होणाऱ्या लिपिकाला वेतनवाढ मिळते. कित्येकजण ‘साहेब व्हायचे नाही तर कशाला’ म्हणून बसत नाहीत. निदान वेतनवाढीसाठी तरी बसा! बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला आणि पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. चलनाचा तो विषय या अभ्यासात थोडाफार येतोच, आणि आपल्या माणसाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

वाणीविषयी थोडे. सम्यक वाचेत खोटे न बोलणे जसे येते तसे चहाडी, कठोर शब्द आणि निरर्थक बडबड टाळणेही येते. चहाच्या वेळी गैरहजर माणसावर बोलणे हा सर्वच कार्यालयांचा धर्म आहे. बँकेत बदल्या होतच असतात, आज ज्याच्याविषयी आपण बोललो तो दोन वर्षांनी आपला अहवाल लिहायला बसतो. परंतु सम्यक वाचेचा अर्थ मौन असा घेऊ नये, जसा आम्ही घेतला होता. शाखेच्या बैठकीत ‘कोणाला काही सांगायचे आहे का’ असे विचारतात तेव्हा आपली माणसे बहुधा भिंतीकडे पाहतात. त्या वेळी रांग कशी कमी करता येईल यावर दोन वाक्ये बोलावीत. पहिल्या वेळी आवाज कापतो, नंतर कापत नाही.

पैशाच्या वागणुकीबद्दल बँक कर्मचाऱ्याने फार जपावे लागते, कारण त्याचे खाते त्याच्याच शाखेत असते आणि सर्वांच्या डोळ्यांखाली असते. पगार झाला की चौथ्या दिवशी शिल्लक शून्य, सहकाऱ्यांकडून हातउसने, कोणाच्याही कर्जाला जामीन, धनादेश परत जाणे, हे सर्व पाहणाऱ्याला दिसत असते. गिऱ्हाइकाकडून उसने घेणे तर थेट शिस्तभंगाचेच प्रकरण होते. आपल्यातील कमावता एक आणि खाणारे दहा, गावाकडच्या लग्नाचा भार, धाकट्या भावाचे शिक्षण, हे आम्हाला माहीत आहे. ज्याच्या मागे तीन पिढ्यांची जमीन आहे त्याला हे कळणार नाही. तरीही कर्ज लपवीत फिरण्यापेक्षा आपल्या कर्मचारी पतपेढीतून रीतसर घ्यावे. दारूविषयी या स्मरणिकेत आम्ही वेगळे लिहीत नाही, पंचशील सर्वांना पाठ आहे.

संगणकाचा परवलीचा शब्द कोणालाही देऊ नये. साहेब मागोत, मित्र मागो, गर्दी असो. चांगुलपणाने दिलेला तो शब्द वापरून चुकीची नोंद झाली तर जबाबदारी आपल्या नावावर येते. आरोपपत्र हाती पडले की निकाल लागेपर्यंत बढती अडकून राहते, मग वर्षे किती जातील याचा नेम नसतो. ‘नाही’ म्हणताना संकोच वाटतो, विशेषतः वरिष्ठाला. तेव्हा नियमावर बोट ठेवून नम्रपणे नाही म्हणावे.

६ डिसेंबरचा प्रश्नही येथेच घेऊ. चैत्यभूमीला जाणे आपला हक्क आहे आणि कर्तव्यही. परंतु त्या दिवशी सकाळी दूरध्वनी करून ‘येत नाही’ असे कळविणारे आपल्यात आहेत, आणि त्यावरून ‘या लोकांचे असेच’ असे बोलले जाते. रजेचा अर्ज नोव्हेंबरातच द्यावा. त्यात कारण स्पष्ट लिहावे, महापरिनिर्वाण दिन असे. पोटदुखीचे कारण देऊन चैत्यभूमीला जाणे आम्हाला तरी शोभत नाही असे वाटते.

हे सर्व केले म्हणजे बढती मिळेलच असे आहे का? नाही. दोघांचे वर्तन तेच असले तरी पाहणारा त्याचा अर्थ वेगळा लावतो. दुसऱ्याने प्रश्न विचारला तर तो चौकस, आपल्याने विचारला तर उर्मट. दुसरा शांत असला तर गंभीर, आपला शांत असला तर निरुत्साही. हे आजही आहे. म्हणूनच कागदाचा आधार लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली देव दत्त प्रकरणात स्पष्ट केले आहे की, सरकारी सेवकाच्या वार्षिक गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा त्याला कळविला पाहिजे, केवळ प्रतिकूल शेराच नव्हे. ‘बरा’ असा शेरासुद्धा बढतीच्या यादीत माणसाला खाली ढकलतो. तेव्हा जेथे वार्षिक अहवाल लिहिला जातो तेथे तो मागून घ्यावा, आणि पटला नाही तर मुदतीत लेखी म्हणणे द्यावे. अपमान झाला तर काउंटरवर भांडू नये, त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द आणि हजर असलेल्यांची नावे लिहून ठेवावीत. सरकारी बँकांत अनुसूचित जाती-जमाती कक्ष आणि संपर्क अधिकारी असतो, त्याच्याकडे जावे. आम्ही त्या पहिल्या वर्षी यातले काहीच केले नाही. खुर्ची तेवढी सोडली.

शेवटी बदलीविषयी. अधिकारी झाले की दुसऱ्या जिल्ह्यात, कधी परराज्यात जावे लागते, आणि या एका कारणाने कित्येकजण, विशेषतः भगिनी, अर्जच करीत नाहीत. काहीजण अर्ज करतात, निवड होते आणि मग नाकारतात. अनेक बँकांत अशाने पुढील काही वर्षे पुन्हा अर्ज करता येत नाही, शिवाय एक जागा फुकट जाते. हा विचार अर्जाआधी घरात बसून व्हावा. आणि पतीची बदली झाली तर कुटुंब सांभाळून घेते, पत्नीची झाली तर घर मोडते, हे कोणत्या हिशेबाने, ते पुरुष बांधवांनी स्वतःला विचारावे. आमच्या शाखेतील एक भगिनी आमच्याहून सरस होत्या. त्यांनी तीन वेळा अर्ज भरून घेतला आणि तीनही वेळा घरी विचारून परत ठेवला.

दुसऱ्या मुलाखतीत आम्हाला ड्रॉइंग पॉवर विचारली गेली नाही. मुद्रा कर्जावर विचारले आणि आम्ही आमच्याच शाखेतील कामावरून उत्तर दिले. तरीही यादीत नाव थोडक्यात हुकले. पुढील परीक्षेला आम्ही पुन्हा बसणार आहोत. दर रविवारी सकाळी वंदनेनंतर विहारात आम्ही तिघे-चौघे या अभ्यासासाठी बसतो. बँकेतील असो वा इतर कार्यालयातील, कोणीही यावे. टेबल बदलून मागण्याच्या अर्जाचा मराठी, हिंदी आणि इंग्रजी नमुना संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे, त्याची प्रत मागून घ्यावी.

जयभीम.